थोडी जागा सोडा

उन्हाळ्यात गंगाखेडजवळ गोदावरीचं पात्र आटतं. वाळू, गोटे उघडे पडतात. तिथेच टिटवी अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही नाहीच, नुसता उथळ खळगा. मातकट अंड्यांवर काळे ठिपके. खड्यांत ती ओळखूही येत नाहीत. माणूस जवळ आला, की टिटवी जीव तोडून ओरडते. तिचं मागणं एवढंच, थोडी जागा सोडा.

शिवारात वखर चालवताना अशी अंडी दिसली, की जाणता शेतकरी बैल वळवतो. तेवढा तुकडा तसाच ठेवतो. थोडी जागा सोडतो.

कोकणात वेळासच्या गावकऱ्यांनीही अशीच समुद्री कासवांची अंडी राखली. पूर्वी ती चोरीला जात. गावाने राखण केली, म्हणून पिल्लं समुद्रात पोचली.

मंडळी, सज्जनपणा म्हणजे तरी काय? हक्क आपला असतानाही दुसऱ्यासाठी जरा सरकून बसणं. घरात, एसटीत, बांधावर आणि नदीकाठीही.

नदीकाठच्या गावकऱ्यांनो, यंदा वाळूचा एक पट्टा पाखरांच्या विणीसाठी राखून ठेवा. तिथे ट्रॅक्टर नेऊ नका. थोडी जागा सोडा.