पावती कोणाच्या नावावर?

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ, सरकारी कोठारातले धान्य भुकेल्यांना वाटून टाकलेले, बेदरच्या बादशहाचा हुकूम सुटलेला, आणि मग विठू महाराच्या वेषात थेट दरबारात जाऊन उभा राहिलेला पांडुरंग. या कथेचा व्यवहारीपणा मला फार आवडतो. देव तिथे वीज पाडत नाही, बादशहाची मती फिरवत नाही. तो मोहरा मोजून देतो आणि पावती घेतो. भक्ताच्या अडचणीत जातीने लक्ष घालणारा देव हिशेबाला पक्का असतो, असे आपल्या परंपरेने मानले आहे. अर्थात, त्याच परंपरेने 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणून आळशी भाविकाची टरही उडवली आहे.

देव माझी काळजी वाहतो असे एखादा श्रद्धावान म्हणतो, तेव्हा त्या दिवशीचे पीठ-मीठ नेमके कोणाच्या हातून घरात येते? हा प्रश्न खवचटपणे विचारता येतो तसा भक्तीनेही विचारता येतो. सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मिशनच्या इतिहासात तो दोन्ही प्रकारे विचारला गेला आहे.

सांगली जिल्हाच मुळी साताऱ्यातून निघाला. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. मिशनच्या नकाशावर मात्र हे दोन मुलूख त्याआधीपासूनच वेगळे होते. उत्तरेकडे, म्हणजे सातारा, वाई, महाबळेश्वर या भागात, बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मराठी मिशन होते. त्यांची माणसे १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आली होती. दक्षिणेकडे, कोल्हापूर, सांगली आणि मिरजेत, न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाचे मिशन होते. दोघांचा देव एकच आणि व्यवहाराची पद्धतही जवळपास सारखी. अमेरिकेतल्या गावोगावच्या मंडळ्यांनी रविवारच्या अर्पणातून पैसे काढायचे, बोर्डाने ते एकत्र करून मिशनऱ्याला ठरावीक वेतन द्यायचे, आणि मिशनऱ्याने काय केले, किती खर्चले हे पत्राने कळवायचे.

या पद्धतीला बायबलमध्येच आधार आहे. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र अनेकांना पाठ असते, पण ते काही अंशी पोच-पावती आहे, इकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. कैदेत असलेल्या पौलाला फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत धाडली. पौल उत्तरात ती पोचल्याचे कळवतो, देणाऱ्यांचे आभार मानतो आणि त्याच दमात सांगतो की भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायला मी सारखाच शिकलो आहे. हाच पौल दुसरीकडे राहुट्या विणून पोट भरत होता. मंडळीचा आधार घ्यायचा, पण तिचा नोकर व्हायचे नाही. मिशनच्या पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ या एका तोलात आहे.

पहिल्या पिढीतल्या मिशनऱ्यांना वेतन मिळाले, आयुष्य मात्र मिळाले नाही. मुंबईच्या मिशनचा संस्थापक गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला गावोगाव फिरताना पटकीने गेला. ॲलन ग्रेव्ह्ज यांनी प्रकृतीसाठी महाबळेश्वर गाठले आणि १८४३ मध्ये तिथेच देह ठेवला. ज्यांचा देव चिमण्यांचीही मोजदाद ठेवतो, त्यांची ही गत का व्हावी? त्यांना पाठवणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. त्यांनी गेलेल्यांच्या जागी पुढची माणसे पाठवली. देवाची काळजी म्हणजे संकटापासून बचाव करणारा ताईत नव्हे, एवढे त्यांना कळत होते. आजारपण हटकून बरे करून दाखवतो म्हणणाऱ्या आजच्या तंबूतल्या सभांपेक्षा मला ही जुनी, कोरडी श्रद्धा अधिक प्रामाणिक वाटते.

खरा तंटा मरणावरून झालाच नाही. तो झाला पैसा पाठवणाऱ्याच्या शब्दाला किती वजन द्यायचे यावरून. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पाहणीसाठी भारतात आले. मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि प्रसारही स्वतः करावा, हे त्यांचे सूत्र जगभर गाजले. सूत्र उत्तमच होते. पण ते राबवताना इंग्रजी शाळा गुंडाळण्याचे धोरण बॉस्टनहून आले आणि इथे राबणाऱ्यांना ते मानावे लागले. इतरांना स्वावलंबन शिकवणारा हुकूम दहा हजार मैलांवरून सुटावा, यातली विसंगती अँडरसनना जाणवली नसावी. कोल्हापुरातले बोर्डाचे मिशनरी रॉयल वाइल्डर यांना शाळा हव्या होत्या. त्यांनी बोर्डाशी फारकत घेतली आणि १८६१ मध्ये कोणत्याही बोर्डाच्या पाठबळाशिवाय ते कोल्हापूरला परतले. देव आणि काही मित्र एवढाच आधार. पुढे १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने त्यांचे काम पंखाखाली घेतले. म्हणजे हुकमाला नकार देणारा माणूसही शेवटी दुसऱ्या एका बोर्डाकडेच गेला. यात मला त्यांचा पराभव दिसत नाही. शाळा, दवाखाने एका माणसाच्या तळमळीवर फार काळ चालत नाहीत.

कोणाकडे हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचे, असा पंथही त्याच काळात जोर धरत होता. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलर यांनी अशा रीतीने अनाथाश्रम चालवले, आणि हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये चायना इनलँड मिशन त्याच तत्त्वावर काढले. आपल्याकडे पंडिता रमाबाई त्या वाटेने गेल्या. त्यांच्या शारदा सदनासाठी बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. सदनात धर्मप्रसार नको, ही त्यामागची अट होती, आणि त्या अटीवरूनच १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात दुष्काळातल्या शेकडो मुली आल्या, तेव्हा रमाबाईंनी ठरावीक उत्पन्नाचा नाद सोडला. गंमत अशी, की म्यूलर आपले अहवाल दरवर्षी छापत. मागायचे फक्त देवाकडे, पण काय हवे आहे हे माणसांना कळत राहील अशी सोय ठेवायची. याला मी ढोंग म्हणणार नाही. देव माणसांच्या खिशातून देतो हे त्यांना पक्के ठाऊक होते, इतकेच.

साताऱ्यात या प्रश्नाला सर्वांत धारदार उत्तर दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. कवी म्हणून मान मोठा, 'ज्ञानोदया'तील लेखन, चर्चमध्ये गायली जाणारी असंख्य पदे. तरी एक काटा रुतलेलाच होता. ख्रिस्ताविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या एतद्देशीय प्रचारकाकडे समोरचा माणूस मिशनचा पगारी नोकर म्हणून पाही. 'पोटासाठी बाटले' हा शेरा त्या काळात स्वस्त होता, आणि महिन्याचा पगार त्या शेऱ्याला पुरावा पुरवी. शिवाय पगार देणारे गोरे साहेब कितीही प्रेमळ असले तरी मायबापाच्या जागी बसत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगणाऱ्या या माणसाला दुसऱ्या कुणाच्या ओटीतून ख्रिस्त स्वीकारणे रुचणारे नव्हतेच. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्याशाची वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, सगळ्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. देव पोसेल, हीच त्याची अर्थव्यवस्था.

टिळकांचे निदान मला पूर्ण पटते. धर्मनिरूपण करणाऱ्याच्या तोंडून पगार देणाऱ्याचा आवाज येऊ लागला की ऐकणारा उठून जातो. भारतातले इतर ख्रिस्ती विचारवंतही त्याच सुमारास याच दिशेने चालले होते. १९०५ च्या नाताळात बंगालातल्या श्रीरामपूरला अझारिया आणि के. टी. पॉल यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय मिशनरी संस्था निघाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, ही तिची प्रतिज्ञा. १९१० च्या एडिंबरा परिषदेत याच अझारियांनी मिशनऱ्यांना ऐकवले की तुम्ही आम्हाला खूप काही दिलेत, आता मैत्री द्या.

पण टिळकांच्या हिशेबात एक नाव राहून गेले. संन्यास त्यांचा होता, चूल त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची होती. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचणाऱ्याला ते घर ओळखीचे असते. हातातले पैसे वाटेतच कुणाला देऊन येणारा नवरा, न विचारता आलेले पाहुणे, सांभाळायला घेतलेली परकी मुले, आणि या सगळ्यांच्या ताटात रोज काहीतरी वाढणारी एक बाई. ती रागावते, भांडते, खो खो हसते आणि पुन्हा चुलीपाशी बसते. देव टिळकांची काळजी वाहत होता याबद्दल मला शंका नाही. त्यासाठी त्याने बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंना कामाला लावले होते. त्यागाच्या इतिहासात हे नेहमी असे घडते. सोडणाऱ्याचे नाव राहते आणि निभावणारीचे पुसले जाते. लक्ष्मीबाईंनी लेखणी उचलली म्हणून ते इथे पुसले गेले नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य मात्र लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

साताऱ्याहून दक्षिणेला उतरले की या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये आले, आधी सांगलीत आणि मग मिरजेत त्यांनी काम सुरू केले. १८९४ मध्ये मिरजेचे हॉस्पिटल उभे राहिले. पैसा आला फिलाडेल्फियातल्या जॉन कॉन्व्हर्स या रेल्वे इंजिनांच्या कारखानदाराकडून, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचेही साह्य लाभले. वॉन्लेस बोर्डाच्या ठरावीक वेतनावर राहिले. श्रीमंत रोग्यांकडून मिळालेली फी त्यांच्या खिशात न जाता हॉस्पिटलात जाई आणि तिच्यावर गरिबांचे उपचार होत. शस्त्रक्रियेआधी ते रोग्यासाठी प्रार्थना करत आणि मग चाकू हातात घेत. मिरज जंक्शन असल्याने लांबलांबचे रोगी येत, हेही विसरू नये. देवाच्या योजनेत रेल्वेचा वाटा मोठा होता. त्यांनी वैद्यकीय विद्यालय काढले, आणि मिरज-सांगलीच्या मधली वानलेसवाडी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

म्हणजे पगार घेतलेला मिशनरी नोकरच होतो हे टिळकांचे भय वॉन्लेसच्या बाबतीत खरे ठरले नाही. मला याचे कारण स्पष्ट दिसते. हॉस्पिटलच्या पैशाला तीन वाटा होत्या: परदेशी देणगीदार, इथला राजा आणि इथलाच रोगी. तिघांपैकी एकाचीच मालकी चालत नव्हती. साताऱ्याच्या पगारी प्रचारकाला एकच दार होते. ते दार ज्याच्या हाती, त्याच्यापुढे मान झुकायचीच.

पुढे ते दारही मिटत गेले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना परवाने मिळणे अवघड होत गेले. १९७१ मध्ये केनियातल्या जॉन गाटू यांनी पाश्चात्त्य मिशनरी आणि पैसा काही काळ थांबवा अशी हाक दिली आणि जगभर वाद पेटला. परदेशी देणग्यांवर आपल्याकडे १९७६ पासून कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा एका संस्थेने दुसरीला देणे बंद केले आणि प्रशासनखर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कायद्यामागच्या हेतूंवर भांडता येईल, आणि भांडावेही. पण अँडरसन यांनी उपदेशाने आणि टिळकांनी त्यागाने जे साधू पाहिले, ते आता मंडळ्यांपुढे सक्तीने येऊन ठेपले आहे. पाळकाला आणि प्रचारकाला आपणच पोसायचे आहे.

दशमांश, कापणीच्या सणाला वेदीपुढे आणलेले धान्य आणि भाज्या, त्यांचा तिथेच होणारा लिलाव, या प्रथा मराठी मंडळ्यांत आहेतच. उणीव पैशाची कमी आणि जबाबदारीच्या वाटणीची जास्त आहे. चर्चच्या रंगकामाला आणि ध्वनिक्षेपकाला देणगी चटकन मिळते, कारण तिथे पाटी लागते. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या प्रचारकाच्या घरभाड्याला पाटी लागत नाही. आणि मग देव त्याची काळजी घेईल असे म्हणण्याची सोय आपल्यापाशी तयारच असते. हे वाक्य स्वतःच्या अडचणीत म्हटले तर ती श्रद्धा असते. दुसऱ्याच्या अडचणीत म्हटले तर ती बहुधा कंजुषी असते.

सातारा-सांगलीतल्या कुठल्या मंडळीचे पंच हा अंक वाचत असतील, तर त्यांना एवढीच विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत पाळकाचे मानधन हा विषय शेवटच्या आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका, तो पत्रिकेवर पहिला घ्या. आणि त्या चर्चेला पाळकाच्या पत्नीलाही बोलवा.