मचाण, मृगया आणि पाहण्याची जबाबदारी

उंचावर लपून बसून जनावर मारण्याचा प्रकार फार जुना आहे. मात्र त्यातून उभा राहणारा धर्मप्रश्न सहसा नीट मांडला जात नाही. ज्या जिवाला आपण दिसत नाही, ज्याला पळण्याची किंवा उलटून येण्याची संधी नाही, त्याला मारणे अधिक दोषाचे की जमिनीवर पाठलाग करून मारणे? शिकाऱ्याने बैठक निवडली की या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याने दिलेलेच असते.

आधी बैठकीविषयी. भारतात मचाण म्हणजे फांद्यांच्या बेचक्यात बांधलेली बाज किंवा फळ्या. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी याचा एक सुटा, पाठीवर नेता येणारा प्रकार वापरतात. त्याचे दोन भाग असतात, एक बसण्याचा आणि एक पायाखालचा. दोन्ही भाग खोडाला पट्ट्याने किंवा तारदोराने वेढतात आणि आळीपाळीने वर सरकवत माणूस झाडावर चढतो. त्याला सरळसोट, खालून फांद्या नसलेले खोड लागते. वजन कमी, चढताना आवाज नाही, पकड पक्की आणि अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा चांगला, एवढे पाहून तो निवडतात. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पासलीच्या रानात हे साधन फारसे चालणार नाही. तिथले जांभूळ, हिरडा, अंजनी खालपासूनच फांद्या फोडतात. या मावळात उंच बैठक दिसते ती शेतात, चार खांबांवर उभारलेल्या राखणीच्या माळ्याच्या रूपाने. त्या माळ्याकडे पुढे वळावे लागेल.

उंचीने तीन गोष्टी साधतात. जनावरे सहसा वर पाहत नाहीत, माणसाचा वास त्यांच्या नाकावरून निघून जातो, आणि शिकाऱ्याला जनावर पूर्ण दिसते. पहिल्या दोन गोष्टी लपण्याच्या आहेत, तिसरी पाहण्याची. धर्मचर्चा बहुतेक वेळा लपण्यापाशी अडकते. खरा प्रश्न पाहण्यात आहे.

लपून मारण्याचा वाद रामायणाच्या किष्किंधाकांडात समोरासमोर झाला आहे. सुग्रीवाशी लढत असलेल्या वालीला रामाचा बाण लागतो. दुसऱ्याशी युद्धात गुंतलेल्याला आडून मारणे हा कोणता धर्म, असे वाली विचारतो. रामाच्या उत्तरातला एक भाग मृगयेचा आहे: माणसे फास लावून, सापळे रचून, दडून मृगांना मारतात, धर्म जाणणारे राजर्षीही मृगया करतात, आणि वाली तर शाखामृग. हे उत्तर वालीच्या बाबतीत पटो वा न पटो, त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. लपणे हा युद्धातला दोष आहे, शिकारीतला नाही. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने याच्या उलट बाजूने विचार केला आणि जनावराला निसटण्याची रास्त संधी हवी, हा शिकारीच्या नीतीचा पाया मानला. हेतू चांगला असला तरी हा विचार अपुरा आहे. न्याय्य संधीची भाषा दोघांनी मान्य केलेल्या सामन्याला शोभते, आणि हरणाने कोणताही सामना मान्य केलेला नसतो. शिवाय हाका घालून, भेदरलेल्या, धावत्या जनावरावर झाडलेली गोळी पुष्कळदा त्याला नुसते जखमी करते. शांतपणे चरणाऱ्या जनावरावर मचाणावरून नेमका नेम धरता येतो. वेदनेचा हिशेब केला तर लपणेच कमी क्रूर ठरते.

शास्त्रकारांनी मृगयेला दोष दिला तो वेगळ्या कारणाने. मनुस्मृतीने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगया मोजली आणि मद्य, द्यूत, स्त्रिया यांच्या जोडीने अति अनिष्ट चारांत बसवली. कौटिल्य इतका कठोर नाही. व्यायाम होतो, चरबी झडते, चल आणि स्थिर लक्ष्यावर हात बसतो, राग आणि भीती यांत जनावराचे मन कसे चालते ते कळते, असे फायदे तो नोंदवतो. मनूचे लक्ष मारणाऱ्याच्या चटकेवर आहे, कौटिल्याचे उपयोगावर. मरणाऱ्या जिवाकडे दोघांचीही नजर फारशी वळत नाही.

ती वळते कथांमध्ये. महाभारताच्या आदिपर्वात पांडू राजा मैथुनात असलेल्या मृगाला बाण मारतो, आणि तो मृग म्हणजे किंदम ऋषी निघतो. शिकार केलीस याचा दोष मी देत नाही, पण ही वेळ तरी टाळायची होतीस, असा त्याचा आक्षेप आहे. पांडूला जोडी दिसत होती. दिसत असूनही त्याने बाण सोडला, म्हणून शाप लागला.

महाशिवरात्रीची व्याधकथा हाच धागा फार पुढे नेते. श्रीधरांनी 1718 मध्ये रचलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायामुळे ती महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. दिवसभर शिकार न मिळालेला व्याध रात्री पाणवठ्याकाठच्या बेलावर चढून बसतो. समोरचे नीट दिसावे म्हणून पाने तोडून खाली टाकतो, आणि ती खालच्या शिवलिंगावर पडत राहतात. नकळत घडलेल्या पूजेने पुण्य लाभले, एवढेच कीर्तनात बहुधा सांगितले जाते. पण पाने तुटतात ती पाहण्यासाठी, आणि व्याधाचे पालटणेही पाहण्या-ऐकण्यातूनच होते. गाभण हरिणी पाण्यावर येते, पोटच्या जिवासाठी मुदत मागते आणि परतण्याची शपथ घेते. तिच्यामागून आणखी हरणे येतात, तीही वचन देतात. धावत्या शिकारीत हे बोलणे झालेच नसते. झाडावरच्या बैठकीने व्याधाला रात्रभर एका जागी खिळवले, आणि त्या वेळात भक्ष्याला पोर, जोडीदार, शब्द असलेला जीव म्हणून पाहणे त्याला भाग पडले. सकाळी हरणे शब्द पाळून परत येतात तेव्हा त्याच्याच्याने बाण सुटत नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातल्या अहिंसेच्या विस्तृत विवेचनात हिंसेचे मूळ मनात शोधले आहे. मनात नाही ते वाचेत आणि हातांत उतरत नाही. या कसोटीने मचाण धर्म्य की अधर्म्य हा प्रश्न साधनापाशी संपत नाही. बसलेल्या माणसाला जनावर दिसत असते, म्हणून ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब त्याच्यापाशी उरत नाही. म्हणूनच उंचावरचा शिकारी जमिनीवरच्यापेक्षा अधिक जबाबदार ठरतो. हौसेने मारणाऱ्याला ही जबाबदारी पेलणारे कारण देता येत नाही.

गरजेने मारणाऱ्याचे काय? इथे पासलीच्या खाचरातला माळा येतो. भात निसवले की रात्री रानडुकरे उतरतात, आणि एका कळपाने एका रात्रीत केलेली नासाडी घराच्या वर्षाच्या दाण्यावर येते. माळ्यावर बसणारा डबा बडवतो, आरोळ्या देतो, गोफण फिरवतो, बॅटरीचा झोत टाकतो. वनपर्वातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की शेती चांगली मानतात, पण नांगराखालीही असंख्य जीव मरतात; सर्वस्वी अहिंसक कोणीच नाही. पीक राखणाऱ्याकडे त्यामुळे हिंसक म्हणून बोट दाखवता येत नाही. मात्र हुसकून भागत असताना मारणे गरजेच्या बाहेर जाते, आणि तो फरक माळ्यावरच्या माणसाला जागेवरच कळतो.

कायद्यानेही जवळपास हीच रेघ ओढली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा, आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवान्याची वाटही उरली नाही. पीक किंवा माणसाचा जीव धोक्यात आणणाऱ्या जनावरासाठी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीचा अपवाद मात्र राहिला. महाराष्ट्रात मचाणे आजही बांधली जातात. वैशाखी पौर्णिमेला अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर माणसे रात्रभर त्यांवर बसतात आणि पाण्यावर आलेल्या प्रत्येक जनावराची जात, संख्या, नर-मादी आणि वेळ कागदावर उतरवतात.