दुसऱ्यांचे कागद

सेलूतल्या माझ्या सेवा केंद्राचं शटर ओढण्याआधी मी दिवसभराच्या कामाचा बॅकअप घेतो. एक प्रत हार्ड डिस्कवर, ती घरी नेतो; दुसरी क्लाउडवर. अधूनमधून त्यातल्या फायली परत आणून उघडूनही बघतो, कारण उघडून न पाहिलेल्या बॅकअपचा भरवसा धरता येत नाही. या शिस्तीचं मला समाधान आहे. पण मी जे इतकं जपतो, ते कागद माझे नाहीत.

2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा जुलैभर रांगा होत्या. आधार, पासबुक, सातबारा, आठ अ, पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. स्कॅन केलं, अर्ज भरला, पावती दिली. स्कॅन माझ्याकडे राहिले. ‘ठेवा’ असं कुणी म्हणालं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. 2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतर भिजून लगदा झालेलं पासबुक घेऊन एक मावशी आल्या. त्यांची जुनी प्रत मी लगेच काढून दिली. ठेवलं ते बरं झालं, असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

मन मात्र तेवढ्यावर गप्प बसत नाही. हे सगळं त्यांच्यासाठीच ठेवलंस का, असं ते विचारतं. खरं सांगायचं तर कागद माझ्याकडे असले की माणूस पुढच्या हंगामातही माझ्याच दारात येतो. तो फायदा मला हवा आहे.

आणि जोखीम कुणाची? राज्यात पीक विम्याचे बोगस अर्ज लाखोंनी उघडकीस आले, सामूहिक सेवा केंद्रांवर कारवाया झाल्या. असे अर्ज भरायला लागतात ते आधार, खातेक्रमांक, सातबाराच. माझी डिस्क चोरीला गेली, तर नुकसान रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचं होईल.

त्याहून अवघड गोष्ट पुसण्याची. ‘भाऊ, माझे कागद काढून टाका,’ असं कुणी म्हटलं की मी त्याच्यासमोर फाइल डिलीट करतो. तो निर्धास्त होऊन जातो. पण डिस्कवर ती असते, क्लाउडवर असते. उद्या संगणक बिघडला आणि बॅकअप परत चढवला, की ती फाइलही परत येते. म्हणजे त्याला दिलेला शब्द अर्धाच पाळला जातो. काम झालं की माहिती पुसावी, हे 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही आहे. पण कायदा नसता तरी हा हिशेब टळला नसता.

आता स्कॅन करण्याआधी विचारतो, ‘प्रत ठेवू का, किती दिवस?’ नको म्हणणाऱ्याची फाइल काम होताच तिन्ही ठिकाणांहून काढतो. वेळ जातो, रांग कुरकुरते. तरी हेच बरोबर आहे. तुम्ही कुठल्याही केंद्रात आधार द्याल तेव्हा प्रत कुठे-कुठे राहणार आणि कधी पुसणार, हे विचारा. समोरच्याला राग आला तरी विचारा.