ऐकणारा नसलेलं गाणं

मोरोपंतांचं गाव ही बारामतीची ओळख आता शाळेच्या पुस्तकापुरती उरली आहे. ऊस, द्राक्षं, दूध आणि राजकारण यांनी ती केव्हाच मागे सारली. तरीही चारचौघांनी मिळून गाण्याबद्दल लिहायचं तर मला पंतांपासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण ते या विषयाच्या अगदी उलट टोकाला बसले आहेत. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीला आले आणि १७९४ साली देह ठेवेपर्यंत कऱ्हेच्या काठीच राहिले. वाड्यात पुराण सांगायचं आणि आर्या रचायच्या, हा त्यांचा दिनक्रम. आर्या हे एकट्यानं म्हणायचं प्रकरण. मात्रा मोजून बसवलेली आणि यमकानं आवळलेली ती ओळ एकानं म्हणावी, बाकीच्यांनी मान डोलवावी. हरदासांनी पुढे पंतांच्या आर्या गावोगाव नेल्या त्याही अशाच. बुवा उभे, साथीला पेटी-तबला आणि समोर श्रोते.

त्याच बारामतीत दर वर्षी आषाढी वारीत तुकोबांची पालखी मुक्कामाला येते. देहूहून निघालेला सोहळा पुणं, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची असा येतो. पुढे काटेवाडीला परीट समाज पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. तिथं नीरेत पादुकांना स्नान घातलं की पुणे जिल्हा संपतो. तुकोबांचे पुत्र नारायणबाबांनी हा सोहळा १६८५ साली सुरू केला, म्हणजे मोरोपंतांच्या जन्माआधी चव्वेचाळीस वर्षं. या रस्त्यावरून जे गाणं जातं त्याला श्रोता नाही. कडेला उभी असलेली माणसं पाया पडतात, पाणी देतात, केळी वाटतात. पण दिंडी त्यांच्याकडे बघून गात नाही. ती आपल्यातच गात पुढे सरकते.

हौशी गायकांचा, समूहानं गाणाऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडच्या शिकल्या-सवरल्या माणसाला चर्चमधला कॉयर आठवतो किंवा मुंबईचा परांजोती कोरस. १९५६ साली व्हिक्टर परांजोती यांनी उभा केलेला तो वृंद खरोखर मोठा होता. पण बारामती-इंदापूरच्या कुठल्याही वाडीवर संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठाला उभी राहणारी वीस-पंचवीस माणसंही समूहगायकच आहेत, हे आपल्या लक्षात येत नाही. ते भजन म्हणतात म्हणून आपण त्यांची नोंद भक्तीच्या खात्यात करतो, संगीताच्या नाही. मला त्यांची भक्ती बाजूला ठेवायची नाही. मात्र ती पुढे करून त्यांचं गाणं दुर्लक्षित राहिलं, हेही खरं आहे.

हे गाणं चालतं कसं ते बघण्यासारखं आहे. मध्ये विणेकरी. त्यानं वीणा खाली ठेवायची नाही, पहारा बदलला तरी एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. पखवाज एका अंगाला. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर. एका ओळीनं चरण म्हणायचा, दुसरीनं तो उचलायचा. ही अदलाबदल श्वासासाठी आहे. एक ओळ गाते तेव्हा दुसरी दम घेते, आणि म्हणून सत्तरीचा माणूसही तासभर पावली खेळत गाऊ शकतो. पट्टी चढी असते. शास्त्रीय मैफलीतला पुरुष गायक जिथं आरामात बसतो त्याच्या बऱ्याच वर. कारण सरळ आहे. ही गायकी उघड्यावर, पाचपंचवीस टाळ आणि पखवाज यांच्या गदारोळात, माइक नसताना घडलेली आहे. तिथं खर्जात गाणाऱ्याचा आवाज त्याच्या स्वतःच्याही कानापर्यंत पोचत नाही.

आणि सगळ्यांच्या समोर उभं राहून हात हलवणारा संचालक इथं नसतो. चाल कोणी तरी एक जण लावतो, लय पखवाज धरतो, पण चाल कधी चढवायची आणि कधी सोडायची हे ओळीतली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून, पायावरून ओळखतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदारानं चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिथं जाऊन विचारपूस करतो. आधी सगळ्यांना एकदम थांबता येतं, म्हणून तर एकाच दिंडीचा टाळ ही तक्रार ठरते. कुठल्याही वाद्यवृंदाला हेवा वाटावा अशी ही शिस्त आहे.

अभंगाच्या रचनेतही समूहाची सोय आहे. तुकोबांच्या गाथ्यात बहुतेक अभंगांच्या दुसऱ्या कडव्यापाशी ‘ध्रु.’ असं छापलेलं असतं. म्हणजे पुढचं प्रत्येक कडवं झालं की पुन्हा तिथं यायचं. ज्याला अख्खा अभंग येतो तो पुढे जातो. ज्याला येत नाही तो ध्रुपदापाशी थांबून राहतो आणि बाकीचे परत आले की त्यांच्यात मिसळतो. ज्याला काहीच येत नाही त्याच्याही हातात टाळ असतो. ‘माउली, घ्या टाळ’ म्हणून तो कोणी तरी दिलेला असतो. आर्येला अजाण माणूस चालत नाही, अभंगानं मात्र त्याची जागा आधीच राखून ठेवलेली आहे.

मग हे सगळं सोपं आहे का? मुळीच नाही. वारकरी कीर्तनात मागं उभा असलेला टाळकरी म्हणजे नुसती साथ नव्हे. महाराज बोलता बोलता एखादं प्रमाण घेतात, त्याचे पहिले दोन शब्द उच्चारतात, आणि उरलेली ओळ मागून यायला हवी, तीही सुरात आणि चालीवर. गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग, शिवाय ज्ञानेश्वरी, एकनाथ, नामदेव. कुठली ओळ येणार ते आधी ठरलेलं नसतं. दिवसभर उसाला पाणी देणारा किंवा कारखान्यात पाळी करणारा माणूस रात्री त्या ओळीत उभा राहून हे करतो. एकेकट्याला सगळं येत नाही, पण पंधरा जणांत मिळून बहुतेक येतं. कोणाला तरी आठवतं, तो पहिलं अक्षर उचलतो आणि बाकीचे त्याच्यावर स्वार होतात. गायकांची ओळ म्हणजे गावाचं ग्रंथालय, आणि त्यातला एकेक टाळकरी म्हणजे फार तर एक कपाट.

अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘सेक्रेड हार्प’ नावाची एक परंपरा आहे. १८४४ साली छापलेल्या त्याच नावाच्या गीतपुस्तकावरून ती ओळखली जाते. तिथं चार आवाजांचे चार गट चौकोन करून आत तोंड करून बसतात. ज्याची पाळी येईल तो मध्ये उभा राहून एखादं गीत घेतो आणि मग दुसऱ्याला जागा देतो. श्रोत्यांसाठी खुर्च्या नसतात आणि टाळ्या वाजत नाहीत. आवाज गोड असण्यापेक्षा मोठा असणं जास्त महत्त्वाचं. त्याचं वर्णन वाचताना मला सारखा हरिपाठ दिसत होता. जॉर्जियाचा शेतकरी आणि निमगाव केतकीचा शेतकरी यांना एकमेकांची भाषा कळणार नाही, देवही वेगळे. पण गाणाऱ्यांनी एकमेकांकडे तोंड केलं की गाण्याचा मतलब बदलतो, हे दोघांनाही माहीत आहे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात ब्यॉर्न विकहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली समूहात गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याच्या ओळीनं श्वास बांधला जातो आणि श्वासामागून हृदयाची गतीही सगळ्यांची एकदम वर-खाली होऊ लागते, असं त्यांना दिसलं. वारकऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. पण मला त्यातली श्वासाची गोष्ट महत्त्वाची वाटते. इथं भावनेआधी शरीर एक होतं. मनात आज भावाशी बांधाचं भांडण असलं तरी ओळीत त्याच्याच शेजारी उभं राहून त्याच्याबरोबर दम घ्यावा लागतो.

या एकोप्याबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही. इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ या लेखात हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे: दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी वाटेनं एकत्र गात, आणि जेवायला मात्र वेगवेगळी बसत. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर राहिली आणि दलितांना आत जाण्याचा दरवाजा उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. चोखोबांचे अभंग गाणाऱ्यांनीच ते दार साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ बंद ठेवलं होतं. सूर एक झाला म्हणजे माणसं एक झाली, असं होत नाही.

गेल्या शतकात समूहगानाचे इतर प्रयोग पुष्कळ झाले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसे, शाहिरांमागचे झीलकरी, १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची कलापथकं, तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना. पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीच्या आश्रमासाठी भजनं गोळा केली आणि १९३० साली ते दांडीच्या वाटेवर गांधीजींबरोबर चालले. यांतल्या बहुतेकांना समोरच्याला काही तरी पटवायचं होतं, म्हणून समोर कोणी तरी लागायचं. प्रार्थना सोडली तर हरिपाठाशी यांचं नातं दूरचंच.

आता माझी खरी तक्रार. भजन संपत चाललं आहे ते श्रद्धा आटल्यामुळे, असं म्हणतात. मला तसं दिसत नाही. सप्ताह वाढले आहेत, मंडप मोठे झाले आहेत. धोका वेगळा आहे. गाण्याला श्रोता मिळाला आहे. राम फाटकांनी चाली बांधल्या, भीमसेन जोशींनी त्या गायल्या आणि ‘संतवाणी’ उभी राहिली. श्रीनिवास खळ्यांच्या चालीवर लताबाईंनी तुकोबा गायले. ज्यांच्या घरी कधी टाळ वाजला नव्हता त्यांच्यापर्यंत अभंग पोचला, आणि याचं मोल मी कमी करणार नाही. पण त्या दिवसापासून अभंगाला खुर्ची मिळाली, तिच्यात बसून तो ऐकता येऊ लागला. गावातल्या पोरानं कॅसेटवर भीमसेनजी ऐकले आणि आपला आवाज त्याला स्वतःलाच लाजिरवाणा वाटू लागला.

पुढचं काम ध्वनिक्षेपकानं केलं. सप्ताहात माइक महाराजांपुढे असतो, एक चाल म्हणणाऱ्यापुढे, एक पखवाजापुढे. मागच्या ओळीतल्या शेतकऱ्याचा आवाज आता कोणाच्या उपयोगाचा नाही. तो गायला काय आणि न गायला काय, कर्णा तेवढाच मोठा. त्यातच बाहेरून टाळकरी आणण्याची पद्धत रुजली. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा गावोगाव जाणते वारकरी तयार व्हावेत हा हेतू होता, आणि तो पुष्कळ साधला. आज तिथल्या निरनिराळ्या संस्थांत शिकलेली मुलं येतात तेव्हा पाठांतर पक्कं, आवाज टिपेला आणि पावली एकसारखी असते. दिसायला देखणं. पण त्या देखण्या ओळीत गावातल्या तात्यांना जागा उरत नाही, तात्या मंडपात सतरंजीवर बसतात. मोबाइलवर चित्रण करतात. ज्यानं ओळ उचलायची तो आता ती ऐकतो. वाईट गाणाऱ्याला बाहेर ठेवून आपण गाणं सुधारलं, एवढाच याचा हिशोब. मोरोपंतांचा वाडा शेवटी जिंकला म्हणायचा!

तालुक्याच्या गावात निवृत्त मंडळींचे कराओके क्लबही निघाले आहेत. हौस खरी असते, मी त्यांना हसत नाही. पण तिथं प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघत बसतो, आणि दुसऱ्याचं गाणं चालू असताना आपल्या गाण्याचे शब्द चाळतो.

ओळ अजून जिवंत दिसते ती बायकांच्या भजनी मंडळांत. जात्यावर बायका दोघी-दोघींनी गातच होत्या. एकीनं ओवी काढायची, दुसरीनं धरायची. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांची सुरुवात पुणे जिल्ह्यातल्याच डोंगरी भागातून. जातं गेलं, गिरणी आली आणि गाण्याचं ते निमित्त गेलं. मंडळानं दुसरं दिलं. एकादशीच्या दुपारी देवळात जमतात त्या बायका शाळेनंतर पहिल्यांदाच काही नवं शिकत असतात. वहीत अभंग उतरवून घेतात, सिनेमाच्या चालीवर बसवतात. जाणत्यांना ते खटकतं, मला नाही. अभंगाचा छंद इतका सैल आहे की तो कुठल्याही चालीत मावतो, आणि ही त्याची अब्रू जाण्याची नाही तर टिकून राहण्याची रीत आहे. माइक क्वचितच असतो. ऐकायला कोणी नसतं, कारण पुरुष त्या वेळी कामावर आणि मुलं शाळेत.

भजन स्पर्धा आल्या, एकाच रंगाच्या साड्या आल्या आणि परीक्षकांचे गुणही आले, म्हणजे श्रोता तिथंही शिरला आहे. पण बक्षिसाची ढाल मिळालेल्या मंडळाला विचारा. अडचण ढालीची नसते, पखवाजाची असते. अनेक ठिकाणी वाजवायला पुरुषच बोलवावा लागतो आणि तो सवड काढून येईल तेव्हाच भजन बसतं. अलीकडे एखाद्या मंडळात शाळकरी मुलगी पखवाजावर बसलेली दिसू लागली आहे. पन्नाशीच्या बायकांचे टाळ तिच्या ठेक्याच्या पुढे पळतात. ती त्यांच्यासाठी लय बदलत नाही, त्यांनाच मागे यावं लागतं.