दशरथाचा बाण चुकला नव्हता

दशरथाचा बाण चुकला नव्हता. अंधारात शरयूच्या काठी घागर भरल्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं त्याला वाटलं, आणि आवाजाच्या रोखाने सोडलेला बाण नेमका तिथेच जाऊन लागला. पंडूचाही चुकला नव्हता. हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला तो बरोबर लागला. जरा नावाच्या व्याधाने हरीण समजून ज्या पावलावर नेम धरला, त्याच पावलात बाण घुसला आणि श्रीकृष्णाचा अवतार संपला. तिघांचाही नेम पक्का होता, आणि तिघांनीही बाण सोडण्याआधी समोर कोण आहे ते पाहिलं नव्हतं.

मी मूळचा शिराळ्याकडचा. गेली बरीच वर्षं पश्चिम पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या उत्तरेला राहतो आणि पानगळीच्या दिवसांत रीतसर परवाना काढून क्रॉसबोने, म्हणजे बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायच्या धनुष्याने, हरणाची शिकार करतो. इकडे आलेली आपली काही तरुण मुलंही आता याकडे वळली आहेत, माझा भाचा त्यांतलाच. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मामा, सगळ्यात अचूक कुठला?" दुकानात याचं उत्तर किमतीच्या चिठ्ठीवर मिळतं. मला मात्र तो धर्माचा प्रश्न वाटतो. कागदाच्या चकतीवर बाण चुकला तर काही बिघडत नाही. हरणावर चुकला तर पोटात जखम घेऊन ते जनावर रात्रभर झुडपात पडून राहतं. ज्याचा जीव घ्यायला आपण निघालो, त्याचं एवढं तरी देणं आपल्याकडे लागतंच.

आधी यंत्राचं बोलू, कारण ते नीट समजून न घेणं हीही बेपर्वाईच. शिकारीच्या क्रॉसबोच्या दोरीला साधारण दीडशे ते दोनशे पौंडांचा ताण असतो. पुढची रिकीब पायाखाली दाबायची, दोन आकड्यांचा दोर दोरीत अडकवायचा आणि दोन्ही हातांनी वर ओढायचं. यात एक हात किंचित जास्त ओढला गेला, की दोरी मधोमध न बसता जराशी सरकून बसते, आणि बाण त्या मानाने बाजूला जातो. म्हणून जाणती माणसं दोरी सैल असतानाच, बाण ज्यावर बसतो त्या रुळाच्या दोन्ही कडांशी तिच्यावर मार्करने खुणा करून ठेवतात आणि प्रत्येक वेळी ओढल्यावर त्या तपासतात. ओहायोच्या टेनपॉइंट कंपनीच्या बऱ्याच क्रॉसबोंना फिरवायचं हँडल असतं, ते दोरी दर खेपेला एकाच जागी आणून ठेवतं. कॅनडाच्या एक्सकॅलिबर कंपनीची ओळख साध्या कमानीची. तिला चाकं नाहीत, तारा नाहीत, दोरी तुटली तर जंगलात बसल्या बसल्या बदलता येते. मी साध्या कमानीकडे झुकतो. जे माझ्या हाताने उघडून मला समजतं, त्याची जबाबदारी मी घेऊ शकतो.

बाणांचंही तसंच. सगळे एका वजनाचे हवेत. सरावाचं निमुळतं टोक जिथे लागतं तिथेच शिकारीचं रुंद पातं लागेल असं नाही, कारण पातं वारा धरतं. तेव्हा जे पातं जंगलात न्यायचं, तेच लावून दुर्बीण जुळवायची. एवढं केलं की आजचा कुठलाही बरा क्रॉसबो टेकूवर ठेवून पन्नास यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत बाण लावतो. भाच्याला वाटलं, प्रश्न मिटला. माझ्या मते तो इथून सुरू होतो.

माणसाच्या हातात अचूकता आली की तो ती लांबच्या अंतरावर खर्च करतो. पन्नासवर बाण लागतात म्हणून साठवर बघतो, साठवर लागले की ऐंशीवर. बाण सेकंदाला ३८० फुटांनी सुटतो असं धरा. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो. म्हणजे दोरीचा तडाखा बाणाच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात शिरतो. तीस यार्डांवर बाणाला पाव सेकंद लागतो, साठवर जवळजवळ अर्धा. दचकलेलं हरीण उडी घेण्यापूर्वी चारी पायांत दबतं, आणि तेवढ्या वेळात त्याची छाती कित्येक इंच खाली जाते. फुप्फुसांवर धरलेला बाण मग पाठीच्या मांसात रुततो. क्रॉसबोने आपलं काम चोख केलेलं असतं. तो शिकारीही शपथेवर सांगेल की माझा नेम बरोबर होता, आणि ते खरंच असेल. मी तीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाही. ही मर्यादा मी हरणाच्या कानांवरून ठरवली आहे.

या हत्याराबद्दलची अस्वस्थता जुनी आहे. ११३९ साली रोममध्ये लॅटरनला भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो आणि धनुष्य चालवण्यास बंदी घातली. बंदी कोणी फारशी पाळली नाही; ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड फ्रान्समधल्या शालूच्या वेढ्यात क्रॉसबोच्याच जखमेने गेला. साध्या धनुष्याला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. बोटं, खांदे, श्वास, सगळं त्यात घडत जातं. क्रॉसबो एका दुपारी चालवता येतो. पेनसिल्व्हेनियात तो आधी मुख्यतः अपंगांपुरता होता, २००९ मध्ये धनुष्याच्या हंगामात सगळ्यांना खुला झाला. माझ्यासारख्या दुखऱ्या खांद्याच्या माणसाची त्याने सोय केली, हे मी नाकारत नाही. पण रियाजाबरोबर जी सबुरी अंगात मुरायची, ती यंत्राच्या खोक्यात मिळत नाही. ती वेगळी कमवावी लागते.

इथे मला द्रोणाचार्यांच्या परीक्षेशीही भांडावंसं वाटतं. झाड दिसतं, भाऊ दिसतात, पाखरू दिसतं, असं म्हणणाऱ्या युधिष्ठिराला त्यांनी बाजूला केलं, आणि फक्त पाखराचं डोकं दिसणाऱ्या अर्जुनाला शाबासकी दिली. ते पाखरू कारागिरांनी बनवलेलं होतं हे आपण विसरतो. जिवंत जनावरासमोर मला युधिष्ठिर जवळचा वाटतो. ओकच्या झाडावरच्या मचाणात बसल्यावर मला हरणाच्या छातीपुढे आडवी आलेली करंगळीएवढी काटकी दिसली पाहिजे, कारण पातं तिला नुसतं घासलं तरी बाण भरकटतो. हरणामागे उभं असलेलं दुसरं हरीण दिसलं पाहिजे. उतारापलीकडची पायवाट, तिथून कुत्रं घेऊन जाणारा माणूस, हे सगळं दिसलं पाहिजे; आणि मावळतीचा किती उजेड उरलाय तेही, कारण पुढे रक्ताचा माग काढायचा असतो. बाण लागल्यावरही लगेच उतरून धावायचं नसतं. पानांवर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर ते फुप्फुसांचं. हरीण जवळच पडलेलं मिळेल. गडद असेल तर यकृताचं, काही तास थांबायचं. हिरवट घाण लागली असेल तर पोटाची जखम, आणि मग रात्रीचं जेवण बाजूला ठेवून, कितीही वेळ लागो, त्याचा शेवट आपणच करायचा. अचूक क्रॉसबो विचारणाऱ्यांपैकी या मागाबद्दल फार थोडे विचारतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी बायको सांगलीच्या जैन घरातली. हा विषय आमच्या घरात कधीच संपत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे गाफीलपणाला, मध्यभागी ठेवलं, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी ते लगेच उचललं. म्हटलं, मी तेच तर करतोय, जेवढं गाफील न राहणं माणसाला शक्य आहे तेवढं. ती म्हणाली, "तुम्ही अर्धंच घेतलंत. शेतात नांगराखाली किडे मरतात, स्वयंपाकात मरतात, अंगावर आलेल्याला मारावं लागतं, ते गृहस्थाला पूर्ण टळत नाही. पण ठरवून मारायला जाणं, ती संकल्पी हिंसा. गृहस्थाने सगळ्यात आधी सोडायची ती. तुमच्या खुणा आणि तुमचे तीस यार्ड तो संकल्प आणखी पक्का करतात."

यावर मी जंगलाचा मुद्दा काढतो. इथले लांडगे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला संपले. हरणंही जवळपास संपली होती; १९०६ पासून ती बाहेरून आणून सोडावी लागली. आज ती एवढी आहेत की ओकची कोवळी रोपं डोकं वर काढायच्या आत खाल्ली जातात. मांस वाया जात नाही. १९९१ पासून इथे शिकाऱ्यांकडचं हरणाचं मांस गरजूंच्या अन्नछत्रांना पोचवणारी व्यवस्था आहे, माझा वाटा तिकडे जातो. हे सगळं खरं आहे. तरी मी फक्त ओकच्या रोपांसाठी मचाणावर चढतो असं मी तिला सांगत नाही. मला तिथे जायला आवडतं, आणि ही आवड वजनात धरूनच तिने मला तोलावं.

तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. अचूक नेमाने हरणाचं दुखणं कमी होतं, माझी जबाबदारी मात्र वाढते. दशरथ निदान म्हणू शकला की मला कळलं नाही. दिवसाउजेडी, तीस यार्डांवरून, काटकी आणि मागचं हरीण दोन्ही पाहून बाण सोडणाऱ्याला तेवढीही सबब उरत नाही, आणि तशी ती उरू नये असंच मला वाटतं. महाशिवरात्रीच्या कथेतला व्याध बेलाच्या झाडावर बाण लावून बसतो, हरिणी बोलते, आणि तो बाण उतरवतो. लहानपणी घरी शिवलीलामृत वाचलं जायचं तेव्हा मला बेलाची पानं पिंडीवर पडण्याचं अप्रूप होतं. आता मी त्या व्याधाच्या हाताचा विचार करतो. ताणलेली दोरी माघारी घ्यायला ओढण्याइतकंच बळ लागतं, आणि बऱ्याच क्रॉसबोंत तर ती हाताने सैल सोडताही येत नाही. संध्याकाळी खाली उतरून सरावाचा बाण मऊ जमिनीत सोडून ती रिकामी करावी लागते. तसा एक जुना बाण मी भात्यात कायम ठेवतो, आणि भाच्याने क्रॉसबो कुठलाही घेतला तरी असा एक बाण आधी घ्यावा असं त्याला कळवलं आहे.