खाऱ्या बांगड्याचा तास

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात एक छोटी कांस्यमूर्ती आहे, वीतभरही उंच नाही. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात १९४०च्या दशकात ती सापडली, सातवाहनकाळात रोमन व्यापारातून आलेल्या इतर कांस्यवस्तूंच्या जोडीने. इथून रत्नागिरीचा किनारा रस्त्याने सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे, मध्ये सह्याद्री. तरी समुद्राचा देव घाट चढून आमच्या गावात आला होता.

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका बैठकीत मी या मूर्तीपासूनच सुरुवात केली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जावं, त्यांचं काम पाहावं, हाताने करावं. त्यातले काही दिवस मालवण-रत्नागिरीच्या मासेमारीचा इतिहास शिकण्यात घालवावेत, असं मी सुचवलं. इतिहासाचे एक ज्येष्ठ अध्यापक उठले. कोल्हापूरच्या मुलांना ऊस शिकवा, गूळ शिकवा, मासेमारी हा कोकणचा विषय आहे, असं म्हणाले. शिवाय तिथे जाळ्यांवरून भांडण चालू आहे, आणि भांडण मिटल्यावरच त्याचा इतिहास होतो. सभागृहाने माना डोलावल्या. त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. ते इथे देतो.

मला इतिहास शिकवला तो दामोदर धर्मानंद कोसंबींच्या पुस्तकांनी. कोसंबी गोव्याचे, पेशाने गणिती. १९५६ साली त्यांचं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं पुस्तक आलं आणि इतिहास म्हणजे राजांची यादी ही समजूत माझ्यापुरती कायमची मोडली. उत्पादनाची साधनं आणि त्या साधनांभोवती बांधली जाणारी माणसांची नाती, ही कशी एकामागून एक बदलत गेली ते कालक्रमाने मांडणं म्हणजे इतिहास, ही त्यांची व्याख्या. ते पायी हिंडत. कार्ल्या-जुन्नरची लेणी घाटवाटांच्या जवळ का आहेत, हा प्रश्न त्यांनी लेण्यांच्या शिल्पाइतकाच महत्त्वाचा मानला. मेंढपाळांच्या वाटेवर दगडी हत्यारं वेचणारा हा माणूस आज असता, तर मालवणच्या वाळूत बसून त्याने जाळं आधी पाहिलं असतं.

कारण जाळं हे साधन आहे, आणि साधन बदललं की नातं बदलतं. रापण बघा. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धवर्तुळ मारते, दुसरं टोक घेऊन परत येते, मग दोन्हीकडून माणसं दोर ओढतात. दोर ओढायला गाव लागतं. मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. पुढे यांत्रिक नौका आल्या, कोळंबीची परदेशी मागणी वाढली तसे ट्रॉलर वाढले, मग पर्ससीन आलं: पाण्यातला थवाच्या थवा घेरून खालून पिशवीसारखं आवळणारं जाळं. त्याला गाव लागत नाही. भांडवल लागतं, बर्फ लागतो, खलाशी लागतात, आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले कितीतरी खलाशी आता नेपाळहून येतात. १९९०च्या दशकापासून रत्नागिरीतच राणी माशाचं मांस धुऊन, कुटून त्याची सुरिमी होऊ लागली आणि परदेशी जाऊ लागली. पूर्वी ज्याला फारसं कोणी विचारत नसे, त्या माशालाही भाव आला.

हे भांडण मिटलेलं नाही, हे खरंच. १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा, पर्ससीनच्या प्रश्नावर नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने देणारा २०१६चा आदेश, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरची २०१७ची बंदी. प्रत्येक पायरीवर पारंपरिक आणि पर्ससीनवाले अशा दोन्ही बाजूंचे मच्छीमार कोर्टात आणि रस्त्यावर आहेत. पण भांडण मिटेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर मुलांच्या हाती फक्त जिंकणाऱ्याची कागदपत्रं लागतील. हरणाऱ्याकडची आठवण तोवर म्हातारी होऊन गेलेली असेल.

मात्र कोसंबींच्याही बाबतीत मला एक तक्रार आहे. त्यांच्या लेखनात समुद्र येतो तो बहुतेक व्यापाऱ्यांचा. घाटातून वर चढणाऱ्या मालात मीठ आहे, पण मिठाच्या शेजारच्या टोपलीतली सुकी मासळी आणि ती सुकवणारी बाई दिसत नाही. आणि सगळा धागा तर तिथेच आहे. ताजा मासा बर्फाच्या आधी घाट चढू शकत नव्हता. चढायचा तो मिठात मुरलेला बांगडा, उन्हात वाळलेला जवळा, बोंबील. ब्रिटिशांनी मिठावर कर बसवला, तेव्हा तो मासळी खारवणाऱ्या हातांवरही पडला. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३च्या सरकारी अहवालात मीठकर आणि मासळीचा हा संबंध मांडला होता. पुढे पश्चिम किनाऱ्यावर सरकारी आवारं निघाली. तिथे मासळी आणून, सरकारी नजरेखाली, सवलतीचं मीठ वापरायचं. आपली पाठ्यपुस्तकं दांडी शिकवतात, क्वचित १९३०च्या मे महिन्यातला शिरोड्याचा सत्याग्रहही. मीठ गरिबाच्या भाकरीबरोबर लागतं म्हणून, असं कारण देतात. शिरोड्यापासून थोड्या अंतरावरच्या वेंगुर्ल्यात तेच मीठ धंद्याचा कच्चा माल होतं, हे एकही धडा सांगत नाही.

इथवर लिहून मी थांबलो, कारण माझ्याच मांडणीतली एक लबाडी मला दिसली. रापणीचं वर्णन मी जितक्या जिव्हाळ्याने केलं, तितकी ती समान नव्हती. जाळंमालकाचा वाटा वेगळा असे. आणि पर्ससीनचे मालक म्हणजे बाहेरून आलेले धनाढ्य, असंही नाही. त्यांतले अनेक मच्छीमार घरांतलेच आहेत, कर्ज काढून उभे राहिलेले. मुलांना मी चांगले आणि वाईट असे दोन गट दिले असते, तर इतिहास शिकवला नसता.

म्हणून अध्यापकांचा निम्मा आक्षेप आता मला मान्य आहे. कोल्हापूरच्या मुलांनी बस भरून मालवणला जायचं, होड्यांचे फोटो काढायचे, दुपारी सुरमई थाळी जेवून परतायचं, हे नको. पण ते म्हणतात तसा हा कोकणचा विषय नाही. आपण गिऱ्हाईक आहोत. जून-जुलैच्या एकसष्ट दिवसांच्या मासेमारी बंदीत आमच्या घरांत सुकटीची चटणी होते, खारा बांगडा निखाऱ्यावर भाजला जातो. माशाच्या किमतीतला एक वाटा घाटावरच्या ताटांकडून जातो, आणि जाळ्यांचं भांडण त्या किमतीवरही आहे. ही बाजू मालवणच्या किनाऱ्यावर नाही, इथे आहे.

तेव्हा माझा बदललेला प्रस्ताव असा. पहिला तास टाउन हॉलमध्ये, पोसायडनसमोर. दुसरा आठवडी बाजारात, सुकी मासळी विकणाऱ्या बाईसमोर, तिचा वेळ आणि माल दोन्हींचे पैसे देऊन. मुलांनी तिला मावशी म्हणावं, वहीत बाजारभाव लिहावा आणि विचारावं: मावशी, हा बांगडा कुठल्या बंदरातून आला, तो कोणी खारवला, आणि मिठाचे पैसे कोणाच्या खिशातून गेले? त्या उत्तरातून निघणाऱ्या गावाचं नाव घेऊनच मग फोंडा घाट उतरायचा.