पोटातल्या काळजाची बातमी

नाशकातल्या कुठल्याही सोनोग्राफीच्या दवाखान्यात जा, भिंतीवर पाटी असतेच: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. त्याच पाटीखाली ताटकळलेल्या पहिलटकरणीला आत बोलावून बाळाच्या काळजाचे चार कप्पे मात्र तपासतात. एकाच यंत्राला एक गोष्ट सांगण्याची बंदी, दुसरीची मुभा! यात विसंगती नाही. मुलगी असणे हा रोग नव्हे. म्हणून तर असा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली सर्व राज्यांआधी केला. काळजातला दोष हा रोगच.

पण ही बातमी आधी कळून माणसाने करायचे काय?

२००८ साली मुंबईच्या एका दांपत्यापुढे हा प्रश्न उभा राहिला. गर्भाच्या हृदयाची लय बिघडलेली, महिने भरत आलेले सहा. १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. डॉ. निखिल दातारांसह ते उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टात परवानगी नाकारली गेली, आणि त्याच महिन्यात गर्भपात आपोआपच झाला. वास्तविक गर्भाचे हृदय नीट तपासता येते ते अठरा ते बावीस आठवड्यांच्या सुमारास. म्हणजे दिवा लागायचा तो दार बंद होता होता! २०२१ च्या दुरुस्तीने हे दार रुंदावले. वैद्यकीय मंडळाने व्यंग गंभीर ठरवले, तर चोवीस आठवड्यांनंतरही वाट आहे.

मंडळाने व्यंग तोलावे, हे ठीक. परंतु असे मूल वाढवण्याचे बळ आपल्यात आहे की नाही, हे ते जिच्या पोटात आहे तिनेच तोलावे, असे मला वाटते. शेजारणींनी तिला कैदाशीण म्हणू नये. देवीही म्हणू नये.

आणि बातमी म्हणजे निरोपच, असेही नाही. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल झालेल्या असतात. पोटात त्यांचे सुखाने चालते. जन्मल्यावर ती निळी पडू लागतात. पूर्वी अशी बहुतेक बाळे वर्षाच्या आत जात. आता पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करून त्या वाहिन्या जागच्या जागी लावतात. मात्र बाळंतपण अशा इस्पितळाजवळ व्हायला हवे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत तेव्हा मोडते. मग माहेरच उठून तिच्याकडे जाते: डिंकाच्या लाडवांचा डबा, जुन्या लुगड्यांची दुपटी आणि मुंबईच्या गाडीत खिडकीशी बसलेली आई.